झेल घेण्याचा पगार

प्रश्न : माझा नातू अमेरिकेत वाढतोय. व्हिडिओ कॉलवर सांगत असतो, मोठा झाल्यावर ‘वाइड रिसीव्हर’ होणार. त्याच्या हट्टापायी सोमवारी पहाटे पाचला उठून सुपर बोल लावला. हेल्मेट घातलेली माणसं एकमेकांवर आदळतात, यापलीकडे काही उमगलं नाही. हा वाइड रिसीव्हर करतो काय? त्यावर पोट भरतं का, आणि किती वर्षं? आपल्या कासेगावचा काशिलिंग आडके चढाया करायचा, तशातलं काही आहे का?
— एक आजोबा, विश्रामबाग, सांगली

उत्तर : आजोबा, पहाटे पाचला उठून हा खेळ पाहिलात, म्हणजे नातू नशीबवान आहे.

आधी खेळ, म्हणजे अमेरिकन फुटबॉल, अगदी कामापुरता. मैदान १०० यार्ड लांब, दोन्ही टोकांना १०-१० यार्डांचा पट्टा. एका बाजूला ११ जण. चेंडू ज्यांच्याकडे आहे त्यांना चार प्रयत्नांत १० यार्ड पुढं सरकायचं असतं. सरकले की पुन्हा चार प्रयत्न, नाहीतर चेंडू दुसऱ्यांकडे. चेंडू घेऊन समोरच्या पट्ट्यात पोचलं की ‘टचडाऊन’, सहा गुण. मधोमध जी आदळाआपट दिसली ती धिप्पाड गड्यांची. त्यांच्या पाठीमागं उभा राहून चेंडू फेकतो तो क्वार्टरबॅक. आणि या गर्दीपासून लांब, पार कडेच्या रेषेजवळ एक सडपातळ पोरगा एकटाच उभा असतो. तुमच्या नातवाला तो व्हायचंय.

त्याचं काम पळून झेल घेण्याचं, पण मन मानेल तसं पळून चालत नाही. कुठल्या खेळीत कुठं पळायचं हे आधीच ठरलेलं असतं. पाच पावलं सरळ जाऊन तिरकं आत शिरायचं, बारा यार्डांवर गर्रकन मागं वळायचं, किंवा शेवटपर्यंत सुसाट सुटायचं. या वाटांना शून्य ते नऊ असे आकडेही दिलेले असतात. खरी गंमत अशी, की तो वळायच्या आधीच क्वार्टरबॅकनं चेंडू सोडलेला असतो. चेंडू माणसाकडे येत नाही, जागेकडे येतो. ठरल्या क्षणी, ठरल्या जागी माणूस नसला तर तो विरुद्ध बाजूच्या हातात जातो. हे सगळं अडीच-तीन सेकंदांत, अंगाला अंग लावून पळणारा बचावपटू बरोबर असताना. झेल घेताना दोन्ही पाय मैदानाच्या आत टेकायला हवेत. कॉलेजात एक पाय चालतो, व्यावसायिक खेळात दोन लागतात. म्हणून हे लोक रेषेबाहेर कोसळता कोसळता दोन्ही चवडे आत टेकवून ठेवतात. पुढच्या वेळी चेंडूकडे न बघता त्यांचे पाय बघा, पहाटेची झोपमोड वसूल होईल.

आता काशिलिंगचं. प्रश्न चांगला आहे आणि निम्मा बरोबरही. दोघंही चपळाईवर जगतात, दोघांची नजर समोरच्याच्या पायांवर. पण कबड्डीतला चढाईपटू मध्यरेषा ओलांडून गेला की पुढची तीस सेकंदं त्याची स्वतःची. कुणाला शिवायचं, बोनस घ्यायचा की परतायचं, हे तो ठरवतो. वाइड रिसीव्हर असा स्वतंत्र नसतो. मोठ्या नावाच्या खेळाडूकडेसुद्धा साठेक खेळींत चेंडू येतो सात-आठ वेळा. उरलेल्या वेळी तो तितक्याच जीव तोडून पळतो, कारण तो पळाला नाही तर चेंडू दुसऱ्याकडे जाणार हे बचावाला कळतं. सगळं नीट केलं आणि क्वार्टरबॅकनं पाहिलंच नाही, तर खात्यावर काही जमा होत नाही. त्याची कमाई दुसऱ्याच्या हातून सुटलेल्या चेंडूवर अवलंबून असते.

आणि नियमांवरही. या खेळात चेंडू पुढं फेकायला परवानगीच मिळाली १९०६ साली. त्याआधी सगळी रेटारेटीच होती. १९०५च्या हंगामात इतकी पोरं दगावली, की अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांना त्यात लक्ष घालावं लागलं. पुढं १९३५ ते १९४५ ग्रीन बेच्या डॉन हटसननं झेल घेणाऱ्यांच्या वाटा बांधून दिल्या. त्याचे ९९ टचडाऊन झेल मोडायला १९८९ साल उजाडलं. तरीही १९७० च्या दशकात बचावपटू रिसीव्हरला मैदानभर ढकलत, धरत, अडवत. पिट्सबर्गचा मेल ब्लाउंट यात इतका पटाईत होता, की १९७८ साली पाच यार्डांपलीकडे रिसीव्हरला अडवायचं नाही हा नियम आला, तो त्याच्याच नावानं ओळखला जातो. आदल्या वर्षी सगळ्यांत जास्त यार्ड कमावणारा रिसीव्हर होता ड्रू पीअरसन, ८७० यार्ड. २०१२ मध्ये कॅल्विन जॉन्सननं १,९६४ केले. मधल्या काळात सामने १४ चे १६ झाले हे खरं, पण एवढी झेप दोन सामन्यांची नाही. एक ओळ बदलली आणि एका धंद्याची किंमत बदलली.

त्याच १९७८ सालची दुसरी गोष्टही सांगायला हवी, नातवाला सांगायची की नाही ते तुम्ही ठरवा. ऑगस्टमध्ये हंगामापूर्वीच्या एका सामन्यात, ज्याचा निकाल कुठंही धरला जात नाही अशा सामन्यात, न्यू इंग्लंडचा वाइड रिसीव्हर डॅरिल स्टिंगली आत येणाऱ्या चेंडूसाठी झेपावला आणि ओकलंडचा जॅक टेटम त्याच्यावर आदळला. मानेचे मणके मोडले. स्टिंगली पुढं कधी चालला नाही, २००७ मध्ये वारला. टेटमला त्या धडकेबद्दल दंडही झाला नाही, कारण तेव्हाच्या नियमांत ती बसत होती. असहाय अवस्थेतल्या झेल घेणाऱ्यावर अशी धडक मारायची नाही, याबद्दलचे कडक नियम खूप नंतर आले.

तर पोट भरतं का? भरतं. किती काळ भरतं, तेवढं विचारायचं.

वाट साधारण अशी. शाळा, मग कॉलेजची शिष्यवृत्ती, मग एप्रिलमधली निवड. व्यावसायिक लीगचे ३२ संघ सात फेऱ्यांत अडीचशेच्या वर पोरं निवडतात. त्याआधी इंडियानापोलिसमध्ये बैलबाजाराच्या थाटात मोजमाप होतं: उंची, हाताची वीत, उडी आणि ४० यार्डांची धाव. २०२४ मध्ये झेवियर वर्दी ४.२१ सेकंदांत धावला, तो तिथला विक्रम. या आकड्यांवर कोट्यवधी डॉलर फिरतात, आणि आकडे सर्रास चुकतात. पुका नकुआ २०२३ मध्ये पाचव्या फेरीत १७७ वा निवडला गेला. पहिल्याच हंगामात त्यानं १०५ झेल घेतले, १,४८६ यार्ड केले. नवख्या खेळाडूंत तोवर इतकं कुणी केलं नव्हतं.

सगळ्यांत मोठं नाव जेरी राइसचं. मिसिसिपीतल्या क्रॉफर्ड या खेड्यातला, गवंड्याचा मुलगा. उन्हाळ्यात वडिलांच्या हाताखाली काम करायचा. खालून भाऊ विटा फेकायचे आणि हा वर मचाणावर झेलायचा. त्याचे हात असे तयार झाले असं तो स्वतःच सांगतो. शिकला एका छोट्या कॉलेजात. ४० यार्डांची त्याची धाव वर्दीच्या शेजारी ठेवली तर लाज वाटावी अशी. १९८५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोनं त्याला सोळाव्या क्रमांकावर घेतलं. पुढं सुट्टीच्या दिवसांत तो सॅन कार्लोसजवळच्या टेकडीवर अडीच मैलांची चढण पळत चढायचा. बरोबर आलेले तरणेबांड खेळाडू वाटेत ओकारी काढून परत जायचे, असे किस्से आहेत. वीस हंगाम, १,५४९ झेल, २२,८९५ यार्ड. दुसऱ्या क्रमांकावरचा लॅरी फिट्झजेराल्ड सतरा हंगाम खेळूनही पाच हजार यार्डांहून अधिक मागं राहिला. २००५ मध्ये बेचाळीस वर्षांच्या राइसला डेनव्हरच्या संघात पहिल्या तिघांत जागा नाही असं दिसलं, तेव्हा हंगाम सुरू व्हायच्या आधीच तो थांबला.

पण राइसवरून या धंद्याचा अंदाज बांधायचा नाही. खेळाडूंची संघटना सरासरी कारकीर्द ३.३ वर्षांची सांगते. लीग म्हणते, हा आकडा फसवा आहे. पहिल्या वर्षी मुख्य संघात टिकलेल्याची सरासरी सहा वर्षांच्या आसपास जाते. दोघंही आपापल्या जागी बरोबर, कारण प्रश्न मोजायला सुरुवात कुठून करायची हा आहे. दर उन्हाळ्यात प्रत्येक संघाकडे ९० जण सराव करतात, ऑगस्टअखेर ५३ उरतात. बाकीच्यांना बोलावून वही परत घेतात. खेळींची वही हो, हल्ली टॅबलेट असतो. आणि निवृत्तिवेतनाचा हक्क मिळायला तीन हंगाम मोजावे लागतात. ३.३ च्या शेजारी हा तीनचा आकडा ठेवून बघा.

पैसा? २०२५ मध्ये नवख्याला किमान वर्षाला ८ लाख ४० हजार डॉलर, म्हणजे सात कोटी रुपयांच्या पुढं. वरच्या टोकाला सिनसिनाटीचा जामार चेस: त्याच वर्षी चार वर्षांसाठी १६ कोटी १० लाख डॉलरचा करार. मात्र यातले हमीचे ११ कोटी २० लाख. हा फरक वर्तमानपत्रांच्या मथळ्यात येत नाही. तिथले करार असेच असतात. मथळ्यातला आकडा मोठा, हमीचा लहान, आणि हमी संपली की संघ कुठल्याही मंगळवारी ‘आभारी आहोत’ म्हणू शकतो. चेसची हमी सात पिढ्यांना पुरेल हे सोडा, पण ५३ च्या यादीत पन्नासाव्या जागेवरच्या पोराला हमी जवळजवळ नसतेच. तो आठवड्यावर जगतो. आठवड्याचा चेक मोठा असतो, एवढंच.

मधे दुखापत आली तर? ग्रीन बेचा स्टर्लिंग शार्प सात हंगाम खेळला, १९८८ ते १९९४. तीन वर्षं झेलांच्या यादीत पहिला. मग मानेचं दुखणं निघालं आणि एकोणतिसाव्या वर्षी सगळं संपलं. त्याचा धाकटा भाऊ शॅनन २०११ मध्ये हॉल ऑफ फेममध्ये गेला, तेव्हा भाषणात म्हणाला की या दालनात आलेला, पण आपल्या घरात दुसऱ्या नंबरचा असलेला खेळाडू मी एकटाच. स्टर्लिंगला त्या दालनात जागा मिळाली २०२५ मध्ये. मान दुखावल्याला तोवर तीस वर्षं झाली होती.

आता कासेगावला येऊ. वाळवा तालुक्यातलं हे महामार्गालगतचं गाव बाहेरच्यांना नेते राजारामबापू पाटलांमुळं माहीत. २०१४ मध्ये प्रो कबड्डी सुरू झाली आणि काशिलिंग आडके दबंग दिल्लीच्या लाल-निळ्या कपड्यांत टीव्हीवर आला. पुढच्याच वर्षी, २०१५ च्या हंगामात, चढाईचे ११४ गुण घेऊन तो सर्वोत्तम चढाईपटू ठरला. सांगली जिल्ह्यातलं पोरगं देशात पहिलं. २०१७ मध्ये तो यू मुंबात गेला, २०१८ च्या हंगामात बेंगळुरू बुल्समध्ये. तो हंगाम बुल्सनं जिंकला, पण तिथं पहिलं नाव पवन सेहरावतचं होतं. अंतिम सामन्यात एकट्या सेहरावतनं चढाईचे २२ गुण घेतले. सर्वोत्तम ठरण्यापासून दुसऱ्याच्या सावलीत जाईपर्यंत मधे दोन-तीन हंगाम. काशिलिंग काही वाईट झाला नव्हता. नवे, उंच, ताज्या गुडघ्यांचे चढाईपटू रांगेत येऊन उभे होते. झेल घेणाऱ्यांचं तिकडं हेच होतं. तुमच्या प्रश्नातलं साम्य मला खेळापेक्षा इथं जास्त दिसतं.

भाव कसे वाढले तेही बघा. २०१४ च्या लिलावात सर्वांत महाग राकेश कुमार, १२ लाख ८० हजार. २०१८ मध्ये मोनू गोयत दीड कोटीच्या वर गेला. २०१९ मध्ये आपल्या शेजारच्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या चंदगड तालुक्याच्या सिद्धार्थ देसाईला तेलुगू टायटन्सनं १ कोटी ४५ लाख मोजले. २०२३ मध्ये पवन सेहरावत २ कोटी ६० लाखांच्या पुढं. मातीवर सराव केलेल्या आधीच्या पिढीला हे आकडे सांगितले असते तर त्यांनी हसून पुढची चढाई केली असती.

पण एक मोठा फरक आहे. मराठी कबड्डीपटूचं स्वप्न प्रो कबड्डीच्या आधी लिलावाचं नव्हतं, नोकरीचं होतं. रेल्वे, पोलीस, एअर इंडिया, भारत पेट्रोलियम, महिंद्र असे संघ होते. गावोगावच्या स्पर्धांत ‘व्यावसायिक गट’ म्हणजे याच नोकरदारांचा गट. चांगल्या चार चढाया केल्या, की साहेबाची नजर पडायची आणि पोराचा प्रॉव्हिडंट फंड सुरू व्हायचा. गुडघा गेला तरी टेबल राहायचं. खेळ हा नोकरीत शिरायचा दरवाजा होता. अमेरिकेतल्या रिसीव्हरला असं टेबल कधीच नव्हतं. कॉलेजची पदवी असते, पण तीही अनेकांनी अर्धवट सोडलेली. आज आपली पोरं लिलावाच्या भावाकडे बघतात आणि नोकरीकडे थोडं तुच्छतेनं, हे मला काळजीचं वाटतं. भाव दोन हंगामांचा असतो. टेबल अठ्ठावन्नापर्यंत.

नातवाला अडवू नका. एवढंच विचारा, की पदवी कुठल्या विषयात घेणार.

प्रश्न : हे लोक एका हातानं चेंडू पकडतात. हातमोज्यांना गोंद लावलेला असतो का?
— एक विद्यार्थी, मिरज

उत्तर : एके काळी खरंच असायचा, आणि तोही मोज्यांना नव्हे, थेट हातांना. ओकलंडचा फ्रेड बिलेटनिकॉफ हात, मनगट, पायमोजे सगळीकडे चिकट मलम थापून उतरायचा. त्या जोरावर म्हणा किंवा कसबावर म्हणा, जानेवारी १९७७ मध्ये खेळल्या गेलेल्या सुपर बोलचा तो सर्वोत्तम खेळाडू ठरला. १९८१ मध्ये हे मलम बंद झालं. आज कॉलेजातल्या सर्वोत्तम रिसीव्हरला जो पुरस्कार देतात तो बिलेटनिकॉफच्याच नावाचा आहे, हा अमेरिकेचा विनोद.

हल्लीच्या मोज्यांचे तळवे सिलिकॉनच्या थराचे असतात आणि ते चांगलेच धरतात. पण चेंडू चारशे ग्रॅमचा, लंबगोल, गरगर फिरत येणारा. मोज्यानं तो थांबत नाही, बोटांनी थांबतो. म्हणून चेंडू फेकणाऱ्या यंत्रासमोर उभं राहून हे खेळाडू रोज शेकड्यांनी झेल घेतात, कधी एका हातानं, कधी पाठ करून, वळता वळता. तुम्हाला करून बघायचं असेल तर विटांनी सुरुवात करू नका.

प्रश्न : महाराष्ट्रात हा खेळ कुणी खेळलंय का?
— एक वाचक, कराड

उत्तर : खेळलेत, आणि जिंकलेतही. २०११ मध्ये ‘एलिट फुटबॉल लीग ऑफ इंडिया’ जाहीर झाली. पाठीराख्यांत कर्ट वॉर्नर, माइक डिटका असे अमेरिकन फुटबॉलमधले दिग्गज आणि मार्क वॉलबर्ग हा नटही होता. पुण्याचा संघ होता ‘पुणे मराठाज’. कबड्डी, रग्बी, कुस्ती, मैदानी खेळ यांतली पोरं गोळा करून त्यांना काही महिन्यांत हेल्मेट चढवलं. पहिला हंगाम २०१२ मध्ये झाला, तोही भारतात नाही, कोलंबोत. विजेतेपद पुणे मराठाजनं पटकावलं. पण ती हवा पुढं टिकली नाही, आणि मला त्याचं आश्चर्य वाटलं नाही. ज्या खेळाला शाळेत मैदान नाही, गल्लीत पोरं नाहीत, त्याची वरून बांधलेली लीग फक्त टीव्हीवर जगू शकते, आणि टीव्हीला तोवर प्रो कबड्डी सापडली होती.

तुमच्या उपयोगाची बातमी वेगळी आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीचं अधिवेशन मुंबईत भरलं होतं. तिथं २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकसाठी पाच खेळ मंजूर झाले, त्यांत फ्लॅग फुटबॉल आहे. पाच-पाच जणांचा संघ, हेल्मेट नाही, आदळणं नाही. कमरेला लटकणारी पट्टी ओढली की माणूस पकडला. पुरुषांचा आणि महिलांचा असे दोन्ही गट आहेत. अमेरिकेच्या मोठ्या लीगनंही २०२५ मध्ये आपल्या खेळाडूंना तिथं खेळायची मुभा दिली, प्रत्येक संघातून एका देशासाठी एकच जण या अटीवर. यात धिप्पाड गड्यांना काम नाही, वाटा काढणाऱ्यांना आहे. चपळ पाय असलेल्या कुठल्याही चढाईपटूला चार दिवसांत खेळ कळेल. साहित्य म्हणजे एक चेंडू आणि कमरेच्या पट्ट्या.

मुंबईतल्या त्याच मंजुरीत क्रिकेटही होतं, त्यामुळं २०२८ मध्ये सांगलीकर टीव्ही लावतील ते स्मृती मानधनासाठी. फ्लॅग फुटबॉलचे सामने मधल्या वेळात बघून घ्या.